अ‍ॅमस्टरडॅमची कॅसेट

मनोहरपंतांचं शेवटचं कीर्तन अर्ध्यावर राहिलं, आणि त्याचा दोष त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई स्वतःकडे घेत. २००६चा फेब्रुवारी. अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये पूर्वरंग रंगला, मध्यंतरात बुक्का लावून झाला. आता सुदाम्याचं आख्यान लागणार, तोच टीव्हीवर बर्फाच्या वादळाचा इशारा आला. माणसं सुखरूप पोचावीत म्हणून बाईंनी घाईघाईनं निरांजन लावून आरतीच म्हणून टाकली.

"अगं, आख्यानाआधी आरती?" उपरणं काढत मनोहरपंत म्हणाले. "सुदामा बिचारा घरातून निघालासुद्धा नाही!" हसले खरे, पण रात्रभर कूस बदलत होते.

पुढे दोघं पुण्याला जाऊन आली. परतताना अ‍ॅमस्टरडॅमला आठ तास मोकळे मिळाले, म्हणून शहर बघायला गेली. कालव्याकाठच्या एका जुन्या चर्चच्या घंटा वाजत होत्या. बाई बाहेर बाकावर बसल्या, त्या टेप करायला पर्समधला टेपरेकॉर्डर काढून चालू केला. मनोहरपंत आत डोकावायला गेले, ते दहा मिनिटांनी पांढऱ्याफटक चेहऱ्यानं बाहेर आले.

"झालं का हो बघून?"

"अजून नाही," एवढंच म्हणाले. घरी आल्यावर नवव्या दिवशी ते गेले.

वर्षभर बाईंनी त्या कॅसेटला हात लावला नव्हता. अर्धं कीर्तन ठेवून गेलेला माणूस कुठे अडकून बसला असेल, हा एकच घोर मनाला लागलेला. एका रविवारी दुपारी शेजारची कांचन लॅपटॉप घेऊन आली. "काकू, सीडी करून देते. टेप खराब होईल हो."

बाईंनी कॅसेट लावली. घंटा वाजल्या. ट्रामची टिणटिण, बाईंचा खोकला. मग बाहेरचे आवाज एकाएकी विरले. दगडी गाभाऱ्यातला गारठा यावा तसं खोलीत गार झालं. झांज वाजली.

"तर मंडळी, सुदामा निघाला."

"काका चर्चमध्ये कीर्तन करत होते?" कांचन चकित झाली.

"रेकॉर्डर माझ्या मांडीवर होता गं. बाहेर."

आख्यान रंगत गेलं. नामाचा गजर झाला की शेकडो गळे साथ देत, पण मधल्या शांततेत एकही श्वास ऐकू येत नव्हता. कांचननं टेपरेकॉर्डरच्या काचेतून आत बघितलं आणि बाईंचा हात घट्ट धरला.

"काकू, चाकं फिरत नाहीयेत."

"बस. कीर्तनातून मधेच उठू नये."

द्वारकेच्या दारात देवानं मित्राला मिठी मारली, पोह्यांची पुरचुंडी सुटली, आख्यान संपलं. आणि मग नुसती शांतता. आरतीचं तबक यायला उशीर झाला की सभा जशी ताटकळते, तशी.

"बंद पडलं का?" कांचन कुजबुजली.

"नाही. माझ्यासाठी थांबलेत."

बाई देवघरात गेल्या. दोन काड्या विझल्या, तिसरीनं निरांजन लागलं. त्यांनी आरती धरली, तशा स्पीकरमधून टाळ्या सुरू झाल्या. कांचनही नकळत टाळ्या वाजवू लागली.

शेवटच्या टाळीसरशी चाकं पुन्हा फिरायला लागली. घंटा, ट्राम, कालव्यावरचा वारा. मग बाईंचा स्वतःचाच आवाज, वर्षापूर्वीचा:

"झालं का हो बघून?"

बाईंनी निरांजन घट्ट धरलं. उत्तर त्यांना पाठ होतं.

"झालं," मनोहरपंत म्हणाले. "मी निघतो. तू ये सावकाश."