म्हाळूआप्पांचं दार

"पाईपानं हाण त्याला, त्याशिवाय पाणी न्हाई मिळायचं," गल्लीतला नवनाथ कॉम्प्युटरवर खेळणाऱ्या शेजारच्या पोराला सांगत होता, आणि नेमक्या त्याच वेळी विठाबाई माझ्या स्टुडिओची पायरी चढून आल्या.

त्यांना नवऱ्याचा फोटो मोठा करून हवा होता. म्हाळूआप्पांना जाऊन नऊ दिवस झाले होते. यवतच्या टाकीवरून त्यांनी तीस वर्षं गावाला पाणी सोडलं. पण त्यांचा फोटो एकच, एसटीच्या पाससाठी मी काढलेला. तो माझ्याकडे होता. समोरच्या कॉम्प्युटरवरही होता, आणि ती करणी माझीच.

लग्नाचे अल्बम करायला घेतलेल्या त्या कॉम्प्युटरवर मी चार वर्षं खपून एक गेम बनवला होता. 'यवत बंद'. गावात सगळे मेलेले, मढी रस्त्यानं हिंडताहेत, तुम्ही एकटे जिवंत. कुठंही फिरा, खाणंपाणी शोधा, जगून दाखवा. परदेशातलं शहर कशाला, आपलं गाव काय वाईट, म्हणून मी स्टँडपासून टाकीपर्यंत पावलं मोजली. मढ्यांना चेहरे हवे होते, तर पासपोर्ट फोटोंचा खोका उघडला. विचारलं कुणालाच नाही.

पुण्यातल्या गेम-कंपनीच्या एका साहेबानं दहा मिनिटं खेळून 'हे गाव कोण ओळखणार?' म्हणून मला वाटेला लावलं. गावानं मात्र डोक्यावर घेतलं. लोक आपापलं मढं बघायला यायचे. एक मेंबर तर स्वतःचं सापडेना म्हणून आठवडाभर रुसले होते. टाकीपाशी मी आप्पांना उभं केलं होतं. पाणी हवं तर आधी त्यांना पाडायचं. तेव्हा ते हयात होते, आणि मला ती मोठी गंमत वाटली होती.

"थांब रं," विठाबाई पडद्याकडे बघत पोराला म्हणाल्या. "ते आमचं मालक हायती."

नवनाथ उठला आणि शेजारच्या पोराला घेऊन निघून गेला. माझी मान वर होईना.

"मावशी, चुकलं माझं. आत्ता काढून टाकतो."

"काढू नगं." त्या फोटोच्या स्टुलावर बसल्या. "ह्यास्नी घराकडं न्हेता येतंय का?"

मढी जिवंत माणसामागे येतात, हा माझ्याच गेमचा नियम. मी कॉम्प्युटरपुढे बसून गेममध्ये पुढे झालो, आप्पा मागे निघाले. स्टँड, पिठाची गिरणी, मग त्यांची गल्ली.

"हळू चाल, अनिस. त्यांचा गुडघा दुखतोय."

मी हळू चाललो. निळ्या दारापुढे आलो. आप्पाही येऊन थांबले.

"उघड की आता."

दार उघडत नव्हतं. गावातलं एकही उघडत नव्हतं. कष्ट वाचवायला मी रस्त्यावरून घरांचे फोटो काढून नुसते चिकटवले होते.

"आत काही केलेलंच नाही, मावशी."

आप्पा दाराला पुन्हा पुन्हा धडकत होते.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ते तरी कवा उघडायचं? कडी वाजवायचं, आन् मी उघडायची."

पदर तोंडाला लावून त्या उठल्या. मोठा केलेला फोटो मी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून नेला.

मी गेममधलं ते दार उघडायच्या मागे लागलो. दोन दिवसांत उघडलं. पण आत काय ठेवायचं? चूल कुठं, खाट कुठं, आप्पा कुठल्या भिंतीला टेकून बसायचे? मला काहीच ठाऊक नव्हतं. दुकानावरून जाताना ते दर वेळी म्हणायचे, "अनिस, ये की घरी च्याला." मी दर वेळी म्हणायचो, "येतो की, आप्पा." दहा वर्षं हेच. माझी मलाच लाज वाटली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं.

"लेक घिऊन गेली दौंडाला," शेजारच्या कस्तुराबाईंनी सांगितलं. "आता कशाची येतीया माघारी?"

मी तिथंच उभा राहिलो. कडी आपटून आपटून तिच्याखालच्या लाकडाला बोटभर खळगा पडला होता. रस्त्यावरून काढलेल्या माझ्या फोटोत तो आलाच नव्हता.