नारिंगी कोटाचा भोपळा

मी भोपळा बोलतोय. हसू नका. गेल्या हॅलोविनपर्यंत मी कोट होतो, आणि तोही साधासुधा नव्हे. बिघडलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्या माणसाचा, गुडघ्यापर्यंत लांब, झगझगीत नारिंगी, पाठीवर चंदेरी पट्टे असलेला. अंधारात माझ्यावर उजेड पडला की भलेभले ट्रकवाले वेग कमी करायचे. आता माझ्या पोटावर काळ्या चिकटपट्टीचे दोन डोळे आहेत आणि तोंडात एकच दात. ज्यानं मला असं केलं त्याला दुसरा दात कापायचा कंटाळा आला.

मी कुठल्या देशात शिवला गेलो ते मला माहीत नाही. पत्र्याची मोठी शेड होती, शेकडो यंत्रं एकदम खडखडत होती. माझी कॉलर शिवणारी बाई सगळा वेळ शेजारणीशी बोलत होती. म्हणजे जन्मल्या जन्मल्या माझ्या कानावर पडली ती कुणाच्या तरी सासूची निंदा. तेव्हाच मला कळलं, माणसांमध्ये करमणूक भरपूर होणार.

जहाजातून आणि खोक्यांतून मी सेंट लुईसला आलो आणि कामाच्या कपड्यांच्या दुकानात लटकलो. तिथं एक दिवस डॅरल हागमन आला. धिप्पाड माणूस, दाढीत पावाचा चुरा. मला अंगात घालून तो आरशासमोर वळला, हात वर केले, आणि बायकोला विचारलं, कसा दिसतो म्हणून. जोलीन म्हणाली, "रस्ता खणला की पुढं शंकू ठेवतात ना, तसा." डॅरलला ते इतकं आवडलं की त्यानं मला अंगातून काढलंच नाही, तसाच गल्ल्यावर गेला.

नऊ हिवाळे आम्ही एकत्र काढले. माझ्या उजव्या खिशात पुदिन्याच्या गोळ्या, डाव्या खिशात तिखट सॉसच्या फुकट मिळालेल्या पुड्या. माझ्यावर डिझेल सांडलं, कॉफी सांडली, एकदा एका नवरीचे अश्रूही सांडले. तिची गाडी लग्नाला जाताना बंद पडली होती.

डॅरलचा एकच विनोद होता. बर्फावरून घसरून कुणाची गाडी खड्ड्यात गेलेली असायची. माणूस थंडीनं कुडकुडत, स्वतःवर चिडून उभा असायचा. डॅरल ट्रकमधून उतरायचा आणि गंभीर तोंड करून विचारायचा, "गाडी खड्ड्यात का गेली?" बिचारा माणूस सांगू लागायचा, बर्फ, हरीण, समोरचा मूर्ख. डॅरल सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "नाही हो. मला भेटायला." काही लोक हसायचे. काही तक्रार करायची धमकी द्यायचे. तो मात्र दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा स्वतः हसायचा, आणि त्याचं पोट माझ्या आत गदगदा हलायचं.

मार्चमध्ये तो गेला. हमरस्त्यावर नाही. सकाळी स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावताना गेला, हृदयविकारानं. मी मागच्या दाराच्या खिळ्यावर होतो. लोकांना तो दिसावा म्हणूनच तर मला शिवला होता, आणि गाड्यांना तो दिसतही होता. मृत्यूला तो दिसू नये म्हणून मात्र माझ्यात कुणी काही शिवलं नव्हतं. असो.

त्यानंतर मला त्या खिळ्यावरून कुणी हलवलं नाही. जोलीन बेकरीतल्या कामावरून परत आली की दार लावायची, इकडंतिकडं बघायची आणि माझ्या कॉलरीत नाक खुपसायची. डॅरलचा धाकटा भाऊ कोडी चार दिवसांसाठी म्हणून तळघरात राहायला आला आणि गेलाच नाही. विशीतलं पोर, शाळा अर्ध्यातच सोडलेलं, डोक्यात आलं की हातांनी करून मोकळं होणारं. तोही इकडंतिकडं बघायचा आणि तिथंच नाक खुपसायचा. मला वाटायचं, दोघांनाही एकमेकांचं माहीत नाही. मधे मी. कोटाला तोंड नसतं याचा मला इतका राग कधी आला नव्हता.

घरात तिसरं माणूस म्हणजे मेबल. डॅरल आणि जोलीनची मुलगी, अडीच वर्षांची. ती कुणाची भीड न ठेवता माझ्या घेरात शिरून बसायची आणि बिस्किटं खायची.

मग ऑक्टोबर संपत आला, पोरं सोंगं घालून दारोदार गोळ्या मागत फिरतात तो हॅलोविन जवळ आला. जोलीन म्हणाली, यंदा हॅलोविन नको, दारातले दिवे मालवून बसू. कोडी म्हणाला, भाऊ असता तर त्यानं पोरीला गल्लीभर मिरवलं असतं, आणि सोंग मी घरीच बनवतो, एक पैसाही न घालता. जोलीननं खांदे उडवले. तिनं त्याला परवानगी दिली नव्हती, पण कोडीला तेवढं पुरतं.

लहान पोराचं सोंग ठरवणं म्हणजे मांजराला मोजे घालणं. कोडीनं आधी जुनी चादर घेऊन भूत केलं. जोलीन दारातून बघून म्हणाली, "या घरात एक आहे आधीच." चादर परत कपाटात गेली. मग खोक्याचा यंत्रमानव झाला. मेबल त्यात शिरली आणि निवांतपणे शू केली. मग उशीच्या खोळीचं मेंढरू झालं, त्याला कापसाचे गोळे डकवले. मेबलनं त्यातले दोन खाल्ले, बाकीचे घरातल्या कुत्र्यानं. कोडी जमिनीवर बसून राहिला, सगळ्या अंगाला गोंद. आणि मेबल उठली, मागच्या दाराशी गेली, माझ्यात शिरली आणि म्हणाली, "हे."

शहाणा माणूस इथं थांबला असता, जोलीन यायची वाट बघितली असती. कोडीनं कोंबडी कापायची कात्री आणली.

दुखलं का, असं विचारू नका. बाह्या गेल्या, खालचा घेर गेला, चंदेरी पट्टे गेले. पोटात त्यानं जुनी वर्तमानपत्रं कोंबली, इतकी कोंबली की मेबलचे हात खाली येईनात. दोन्ही बाजूंना पसरलेले हात घेऊन ती पेंग्विनसारखी डुलत चालू लागली. डोक्यावर हिरवा पायमोजा देठ म्हणून. मी आयुष्यात इतका हास्यास्पद कधी दिसलो नव्हतो, आणि पोरगी खुशीनं किंचाळत होती.

जोलीन आली ती बेकरीच्या टोपीसकट. मेबलला बघून आधी तिला हसू आलं. मग तिचं लक्ष रिकाम्या खिळ्याकडं गेलं.

"कोडी, हा कोट कुणाला विचारून घेतलास?"

कोडी काहीतरी पुटपुटला. पोरीला हाच हवा होता, म्हणाला.

"पोरीला काल टोस्टर हवा होता," जोलीन म्हणाली. आवाज अगदी हळू. "एवढीच एक गोष्ट राहिली होती माझ्याकडं. तिचा तू भोपळा केलास. पोरीला फिरवून आण, आणि मग तुझं सामान घेऊन आईकडं जा."

मेबल दारात उभी राहून गोळ्यांसाठीची बादली आपटत होती, तेव्हा कोडी तिला घेऊन बाहेर पडला. मागं वळून पाहिलं तर जोलीन जमिनीवर वाकून माझे तुकडे गोळा करत होती.

आमच्या गावात हॅलोविनला नुसतं दार वाजवून गोळी मिळत नाही. आधी विनोद सांगावा लागतो. लहानग्यांना लोक सूट देतात, पण पहिलंच घर मिसेस क्रीगरांचं होतं, आणि त्यांनी आयुष्यात कुणालाही सूट दिली नव्हती. रडणाऱ्या पोरांनाही त्या म्हणत, घरी जा, पाठ करून या. कोडीनं आठवडाभर मेबलकडून डॅरलचा विनोद घोकून घेतला होता. प्रश्न तिला यायचा. उत्तराला ती दर वेळी अडायची.

दार उघडलं. मिसेस क्रीगरांनी चष्म्यातून भोपळा पाहिला, माझा रंगही ओळखला बहुतेक. पण वाडगा छातीशी धरूनच म्हणाल्या, "बोला."

"गाडी खड्ड्यात का गेली?" मेबल म्हणाली.

"का गेली गं?"

मेबलनं कोडीकडं पाहिलं. त्यानं सांगायच्या ऐवजी मान वळवून हातानं डोळे पुसले. पोरीनं खाली माझ्याकडं पाहिलं, कॉलरीत हनुवटी खुपसली आणि म्हणाली, "बाबाला भेटायला."

कुणीच हसलं नाही. कोडी स्वतःच्या बुटांकडं बघत राहिला. मिसेस क्रीगरांचा वाडगा हळूहळू तिरका होत गेला आणि त्यातली सगळी चॉकलेटं मेबलच्या बादलीत, काही माझ्या पोटात पडली. "माझी गाडी दोनदा गेली होती," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा हाच विनोद."

तेवढ्यात मागं, रस्त्याच्या कडेला, कुणीतरी फुरफुरलं. घोड्यासारखं. जोलीन होती. बेकरीची टोपी तशीच, छातीशी माझे तुकडे कवटाळलेले. ती रडतेय की हसतेय हे मलाही कळेना, आणि मी त्या घरात नऊ हिवाळे काढलेत.

बाकीची गल्ली तिघं एकत्र फिरली. कोडी चार पावलं मागं. शेवटच्या घरानंतर मेबल डुलत पुढं गेली तेव्हा जोलीन थांबली आणि वळून त्याच्याकडं पाहिलं.

"सगळा कापलास. कॉलर तेवढी का ठेवलीस?"

"तू तिथं नाक लावतेस म्हणून."

जोलीन म्हणाली, "तुला काय माहीत?"

"कॉलर ओली असायची," कोडी म्हणाला. "मी लावायला जायचो तेव्हा."

जोलीननं हातातल्या तुकड्यांतून एक बाही काढली आणि त्याच्या तोंडावर फेकून मारली. "घे," म्हणाली. "आणि उद्या तो खोका बाहेर फेकून दे. तळघरभर शूचा वास सुटलाय."

सामान आईकडं गेलं नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आता मी पुन्हा त्याच खिळ्यावर आहे. वर्तमानपत्रं काढली, पण डोळे आणि तो एकुलता दात तसाच. एक बाही जोलीनकडं, एक कोडीकडं, पट्टे कुत्र्यानं पळवले. मेबल अजूनही माझ्यात शिरायला बघते, पण आता तिचं बूड बाहेर राहतं. संध्याकाळी दोघं कॉलरीशी येतात ते आता लपून नाही. परवा तर जोलीन त्याला म्हणाली, आटप लवकर, माझा नंबर आहे.

मला एकच भीती आहे. रविवारी जोलीनची आई येते आहे, आणि कॉलरीला चॉकलेट लागलंय. ती बाई डाग बघून गप्प बसणारी नाही. ती मला घेऊन धुण्याच्या यंत्राकडं निघाली, तर बाबांनो, कुणीतरी आडवे या. मला परत कापा, पुढच्या वर्षी गाजर करा, पोरीला हवं तर मला टोस्टर करा. माझी काही तक्रार नाही. पण धुऊ नका. डिझेल, पुदिना आणि तो माणूस, सगळं मिळून कॉलरीत एवढंसं उरलंय. ते गेलं की मी नुसता भोपळा.