मऊ ऊस आणि सासूबाईंची कवळी

आमच्या ह्यांच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की शिरलं. म्हणे, "तुझा तो खायचा मऊ ऊस काढून टाकतो. सगळ्या रानात कारखान्याचाच लावू. तुझा खातंय कोण?"

मी म्हटलं, "आजच्या बाजारात सगळा खपवून दाखवते. खपला तर पुढच्या वर्षी दोन सऱ्या माझ्या."

"खपव की," म्हणाले आणि गालातल्या गालात हसले. अस्सा राग आला मला! तणतणत हातगाडीवर मोळ्या टाकल्या. लागवडीसाठी बेण्याची एक मोळी वेगळी ठेवली होती, तीही त्या घाईत चढली. सासूबाई म्हणाल्या, "मीपण येते." नवी कवळी बसवली होती, ती मिरवायची होती, दुसरं काय!

बाजारात त्या पोतं टाकून ठाण मांडून बसल्या. मी ओरडून ओरडून घसा बसवला, "मऊ ऊस! दात नसले तरी चालतील!"

शेजारचा पेरूवाला खवचटपणे म्हणाला, "ताई, काहीही काय सांगता?"

"काहीही?" सासूबाई बसल्या जागी उसळल्या. कांडं उचलून करकचून चावा घेतला आणि कवळी उसातच रुतून बसली! चारचौघांत! पेरूवाला पोट धरून हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सासूबाई कसल्या खमक्या! कवळी रुमालात बांधली, उसाचा सोललेला करवा नुसत्या बोळक्याने चघळला आणि चोथा तळहातावर धरून सगळ्यांना दाखवला. कोरडा ठणठणीत! म्हणाल्या, "ऊस चांगलाय, कवळीच कुचकामी."

झालं! गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. शेवटी पेरूवाल्यानेही दोन ऊस नेले. मला मान वर करायला फुरसत नव्हती.

संध्याकाळी हे आले. मी कमरेवर हात ठेवून सांगितलं, "बघा, एक कांडं उरलं नाही!"

ह्यांनी रिकामी गाडी बघितली. "आणि बेणं?"

पैज जिंकले, पण लावायला काही उरलंच नव्हतं! भर बाजारात रडू फुटलं मला.

"रडतेस काय वेड्यासारखी?" सासूबाई म्हणाल्या. "हात दे, उठव मला. सकाळपासून उसाचे डोळे टोचताहेत."

त्या उठल्या. पोत्याखाली बेण्याची मोळी होती, जशीच्या तशी.

"तिघांनी मागितली," त्या म्हणाल्या, "पण मी उठलेच नाही."

ह्यांनी मोळी खांद्यावर घेतली. थोडं चालल्यावर विचारलं, "कुठल्या दोन सऱ्या हव्यात तुला?"