कौतिकची मस्कट

"हाई बंदूक मी देवाव नही," कौतिक शस्त्रागाराच्या खिडकीशी म्हणाला आणि मस्कट छातीशी धरून उभा राहिला.

आत शालिग्राम हवालदार होता. पोलीस मुख्यालयातली सगळी हत्यारं त्याच्या ताब्यात. १९८७च्या उन्हाळ्यात हुकूम आला, की जुन्या मस्कटी जमा करून सगळ्यांना थ्री-नॉट-थ्री रायफली द्यायच्या. बाकीच्या शिपायांनी निमूट बदलून घेतल्या. कौतिक मात्र अडून बसला. भडगावकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा भरती झाल्यापासून हीच मस्कट वागवत होता. तिचा चाप किती ओढला की बार उडतो, हे त्याच्या बोटाला ठाऊक होतं. नेमबाजीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"कौतिकभाऊ, मस्कट चांगली आहे, कोण नाही म्हणतं?" शालिग्राम म्हणाला. "पण तिला काडतूस वेगळं लागतं. सगळ्यांसाठी एकच पेटी निघणार. तुमची संपली तर?"

"मी वाया घालत नही. संपतीन कशी?"

तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला. चोपड्याजवळ केळीच्या बागेत दरोडेखोर लपल्याची खबर होती. शालिग्राम हाका मारत राहिला आणि कौतिक मस्कट घेऊन ट्रकमध्ये चढला.

बागेत भर दुपारी अंधारल्यासारखं होतं. विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीतून गोळ्या येत होत्या. कौतिक आणि पुना शिपाई बांधाआड पालथे पडले. कौतिकचे बार नेमके लागत होते, खोलीचं दार उघडायची कोणाची छाती होत नव्हती. पण चकमक लांबली आणि त्याचा पट्टा रिकामा झाला.

"ल्या भाऊ," पुनाने आपली काडतुसं पुढे सरकवली.

बुडाकडून ती सारखीच दिसत होती. कौतिकने घाईत एक भरलं. बार फुसका गेला, काडतुसाची पुंगळी फाटून आत अडकली आणि ती बाहेर काढणारा बोल्ट काही केल्या मागे येईना. एक बाजू गप्प झाली, तसा खोलीतून मारा वाढला. दोन्हीकडे लक्ष ठेवायला पुना जरा वर उठला आणि गोळी त्याच्या उजव्या खांद्यात घुसली.

कौतिकने मस्कट टाकली. पुनाची रायफल ओढून घेतली. परक्या हत्याराने त्याला एकदाही अडवलं नाही. पुनाची काडतुसं संपली, तेव्हा पलीकडच्या ओळीतल्या शिपायांनी आपली फेकली. तीही बिनतक्रार बसली. मागून तुकडी येऊन पोहोचली, तशी खोलीतून हात वर करून माणसं बाहेर आली.

दवाखान्यात पुना शुद्धीवर आला. "भाऊ, तुम्ही व्हतात म्हणीसन वाचनू."

"नही रे," कौतिक म्हणाला. "मी व्हतू म्हणीसन तुले लागनी."

दुसऱ्या सकाळी त्याने मस्कट जमा केली. रॅककडे हात करून शालिग्रामने विचारलं, "कोणती देऊ?"

"कोनतीबी दे."

पुढे नव्या पोरांना रायफल शिकवायचं काम कौतिककडे आलं. त्याची शिकवण्याची रीत ठरलेली. पोरं नेम धरून पडली, की तो ओरडे, "बदला!" मग प्रत्येकाने शेजाऱ्याची रायफल घेऊन बार करायचा. कोणी कुरकुरलं, तर तो म्हणे, "तू पडशील तेव्हा तुझी रायफल शेजारच्याला उचलायची आहे. आणि तो पडला, तर त्याची तुला."

मैदानाच्या कडेला काडतुसांची एकच पेटी असे आणि तिच्यापाशी पुना. त्याचा उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. डाव्या हाताने तो ओळीतल्या प्रत्येकाच्या तळहातावर काडतुसं ठेवत पुढे सरके. वेळ लागे. उन्हात पोरं चुळबुळत. शेवटच्या पोराला देऊन पुना सावलीत परत येईपर्यंत कौतिक हुकूम देत नसे.