कंडक्टरबाईंचं डाळिंब

भावाला गॅरेज बांधायचं होतं, म्हणून अंगणातलं डाळिंब दुसऱ्या दिवशी तोडायचं ठरलं. कंडक्टरबाईंना हे कळलं ते बसची ड्युटी संपवून भावाकडे डोकावल्या तेव्हा. नोकरी लागल्याच्या आनंदात ते झाड त्यांनीच लावलं होतं. अंगावरच्या खाकी कपड्यांनिशीच त्यांनी कुदळ उचलली.

"ताई, एवढं वाढलेलं झाड भर उन्हाळ्यात हलवतात का? मरेल ते," भाऊ म्हणाला.

"तू उद्या मारणारच आहेस. मी वाचवायला बघते. बाजूला हो."

आधी त्यांनी माती भिजवली, वरच्या फांद्या छाटल्या. ऊन कलल्यावर बुंध्यापासून लांब गोल चर खणला. भावालाही राहवेना. मदत म्हणून त्याने खोडाला हिसका दिला, तशा बाई कडाडल्या, "ओढू नकोस! माती सुटली की मुळं तुटतील. खालून हात घाल!"

मातीच्या गोळ्यासकट झाड ओल्या गोणपाटात बांधलं. बसवरचा जोडीदार ड्रायव्हर टेम्पो घेऊन आला आणि बाईंच्या भाड्याच्या खोलीमागे डाळिंब उभं राहिलं. पूर्वी होतं तितकंच खोल, वर जुन्या चादरीची सावली.

आठवड्याभरात पानं गळाली. घरमालकीण रोज बादली घेऊन हजर.

"रोज ओतलंत तर मुळं कुजतील," बाई म्हणाल्या. "माती सुकली की मी घालीन."

"अहो, काटक्या नुसत्या! उपटून टाका."

"झाडाला हात लावलात, तर त्याच्याबरोबर मीही खोली सोडेन."

मालकीण पुटपुटत गेली. बाईंनी नखाने साल खरवडली. आत ओलसर हिरवं होतं. पण भावाचंच खरं ठरलं तर?

वरचा शेंडा खरंच वाळला. बाईंनी मन घट्ट करून तो करवतीने उतरवला. मग पाऊस सुरू झाल्यावर खाली बुंध्याजवळ लालसर कोंब फुटले.

भाऊ बघायला आला. "अर्धंच राहिलं की गं!"

"राहिलं ना? मग झालं तर!"

तो ओशाळला. कोंबांकडे बघत म्हणाला, "गॅरेजच्या कडेला थोडी फरशी घातलेली जागा उरलीय. एखादी फांदी लावून देशील?"

"आधी तिथली फरशी उखड," बाई म्हणाल्या, "मग बोलू."