तात्यांचा एकर

माझे चुलते कोंडीबा, म्हणजे आमचे तात्या. गावातली निम्मी वावरं त्यांनीच वाटून दिलीत. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची, दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, गुंठ्याच्या एक हजार एकोणनव्वद चौरस फुटांनी भागलं की गुंठे तयार. कागद नाही, पेन नाही, सगळं तोंडी. गणिताची गोडी मला त्यांनीच लावली. सांगलीत सर्वेअरच्या कोर्सला माझं नाव लागलं, तेव्हा माझ्यापेक्षा त्यांचीच छाती फुगली.

दिवाळीच्या सुट्टीत मी येरळेकाठचं आमचं वावर मोजलं. लांबी तीनशे तीस फूट, रुंदी एकशे बत्तीस. तात्यांच्या हिशेबानं बरोबर एक एकर, चाळीस गुंठे. पण वावर तिरकं आहे, म्हणून मी कर्णही मोजला. दोन त्रिकोण करून क्षेत्रफळ काढलं तर सदतीसच गुंठे भरले.

माझी जीभ कुठली गप्प बसायला! जेवतानाच सांगून टाकलं.

तात्यांनी ताट सारलं. "तीन गुंठं कमी आसलं तर आसू दे. पर माझा हिशेब चुकला म्हणू नगंस."

मी भडकले. अंगणातून दोन लांब, दोन आखूड काड्या आणल्या, टोकांना सुतळीनं बांधून चौकट केली आणि त्यांच्या हातात दिली. "आता दाबा."

त्यांनी कोपरा दाबला. चौकट तिरकी झाली. आणखी दाबला, तशा चारी काड्या एकमेकींना चिकटल्या.

"बाजू त्याच हायेत," ते हळूच म्हणाले. "आन आत कायबी न्हाई."

"आन तुमच्या हिशेबानं अजून एकर!"

बोलले आणि लगेच वाईट वाटलं. तात्या बराच वेळ ती चौकट उघडत-मिटत बसले. मग म्हणाले, "चंद्राबाईचा तुकडा आसाच तिरका हाय गं."

चंद्राबाई ही आमच्या भावकीतली. बारा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, तेव्हा तिची आणि तिच्या दिराची वाटणी तात्यांनीच केली होती. सरळ तुकडा दिराला, तिरका तिला, दोन्ही तीस-तीस गुंठे. "माझा बारका दिसतुया," असं ती चारचौघांत म्हणाली होती. तात्यांनी आकडे सांगून तिला गप्प केलं होतं.

"आता कुणाच्या ध्यानात आसतंय? ऱ्हाऊ द्या की तात्या," मी म्हणाले. माझ्या तात्यांनी कुणापुढं मान खाली घालावी, हे मला सोसवत नव्हतं.

"तिच्या ध्यानात आसंल," ते म्हणाले. "आदी मला त्यो कर्ण शिकीव."

दुपारभर शिकवला. दोनदा चुकले, माझ्यावरच खेकसले, तिसऱ्यांदा जमलं. उन्हं कलल्यावर टेप घेऊन आम्ही चंद्राबाईच्या वावरात गेलो. ती हरभरा भांगलत होती. मी तोंड उघडणार, तोच तात्यांनी मला हातानं थांबवलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"वैनी, तवा तुमी खरं बोलला हुता. माझाच हिशेब खोटा हुता."

खुरपं बांधावर ठेवून चंद्राबाईनं पदराला हात पुसले आणि टेपचं टोक माझ्या हातातून घेतलं.

"सांगा भावजी, कुठल्या कोपऱ्याला जाऊ?"