चाचणीची तीन मिनिटं

हे लिहावं की नाही, याबद्दल माझा अजून निश्चय होत नाही. चूक माझी होती आणि ती मी जाणूनबुजून केली, एवढं तरी सरळ सांगता यायला हवं.

२००१ साली पौडच्या बाजारपेठेत अतीकचा व्हिडिओ स्टुडिओ होता. मी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो होतो. मला इंग्रजी माहितीपुस्तिका वाचता येतात, म्हणून त्याने मला बोलावलं. मुळशी धरणाकाठच्या एका रिसॉर्टने त्याला एक लग्न देऊन पाहायचं ठरवलं होतं. सकाळच्या हळदीची फिल्म संध्याकाळी पाहुण्यांना पडद्यावर दाखवायची. जमलं, तर तिथली पुढची सगळी लग्नं त्याची. एवढ्या थोड्या वेळात काम व्हायचं, तर दृश्यं जोडता जोडताच ती अखंड चालायला हवीत. अतीकचा कॉम्प्युटर मात्र सेकंदाला लागणाऱ्या पंचवीस चित्रांतल्या, म्हणजे फ्रेममधल्या, काही गाळत असे.

चाचणीसाठी त्याने बहीण जन्नतच्या वलिम्याची, म्हणजे लग्नानंतरच्या मेजवानीची, तीन मिनिटं निवडली. त्यावर दुसरं दृश्य चढवायचं, त्यावर अक्षरांत नाव. दर वेळी तेच चालवायचं आणि गळलेल्या फ्रेम मोजायच्या. पहिल्या दिवशी तीनशे बारा. रॅम वाढवल्यावर एकशे चाळीस. चित्रीकरणासाठी वेगळी हार्ड डिस्क बसवली आणि आकडा एक्केचाळीसवर आला.

"आमच्या घराचा पत्रासुदिक एवडा गळत न्हाई, सर," अतीक म्हणायचा. त्याचं सगळं लक्ष आकड्यावर असे.

माझं नसे. दुसऱ्या मिनिटाला बायकांच्या खुर्च्यांमध्ये माझी पत्नी सगुणा दिसायची. ती जाऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं. चित्राच्या उजव्या टोकाला मी बसलेलो, मांडीवर पुस्तक. ती मला जेवायला चला म्हणून हाताने बोलावते. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. मी मान वर करत नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर ती याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. तिने बोलावलं होतं, हे मला या चाचणीतच कळलं.

नेमकं तिथे नाव पडद्यावर यायचं आणि कॉम्प्युटर अडखळायचा. तिचा तिसऱ्यांदा वर झालेला हात क्षणभर तसाच थांबायचा. मला दर वेळी वाटायचं, अजून वेळ आहे, आता तरी हा माणूस वर बघेल.

लग्नाच्या आठ दिवस आधी एका मासिकात मला कारण सापडलं. डिस्कचा वेगवान मार्ग बंद राहिलेला असतो. सेटिंगमध्ये एका चौकटीत खूण करून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा, बस्स. ते सांगितलं की चाचण्या संपणार होत्या. मी मासिक पिशवीत ठेवलं. शनिवारी सांगू, असं स्वतःला बजावलं. शनिवारी अतीकच म्हणाला की एक्केचाळीस काही फार नाहीत, लग्नात कोण मोजतंय. मी होय म्हणालो.

रविवारी लग्नात पडद्यावर नवरीच्या चेहऱ्यावरच चित्र अडकलं. पुढे सरकलं, पुन्हा अडकलं. पाहुणे हसले. कुणी तरी शिट्टी मारली. मी अतीकच्या शेजारीच बसलो होतो. रिसॉर्टच्या मॅनेजरने पुढची लग्नं पुण्याच्या लोकांना दिली.

आठवड्याने अतीक सामान बांधायला लागला. स्टुडिओ बंद करून तो वडिलांच्या, रमजानभाईंच्या, टायरच्या दुकानात बसणार होता. आपल्याला हे मशीन कधी समजलंच नाही, असं तो म्हणाला. ते मला ऐकवेना. मी ती खूण केली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि चाचणी लावली. गळलेल्या फ्रेम शून्य.

"हे तुमाला कदी कळलं?"

"लग्नाच्या आधी. आठ दिवस."

का, असं त्याने विचारलं. मी तीच तीन मिनिटं पुन्हा लावली आणि पडद्यावर बोट ठेवलं. आकडा सोडून अतीकने प्रथमच चित्र पाहिलं. सगुणाचा हात तिसऱ्यांदा वर गेला, कुठेही न अडखळता खाली आला, आणि ती एकटीच जेवायला उठली.

"काकू हायेत," तो म्हणाला. मग, "मागायची व्हती, सर. धा मिन्टांत सीडी करून दिली असती. तुमाला न्हाई म्हनलो असतो व्हय मी?"

त्याने सीडी केलीच. मग सीडी माझ्या हातात देऊन त्याने कॉम्प्युटरच्या मागची वायर काढली. मी मदतीला वाकलो, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमी जा घरी."